डॅनियल फ्रीमनचं घराणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला किंवा ओमाहाला, नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी बिॲट्रिसला नेतंच. (गावाचं नाव स्थानिक लोक असंच उच्चारतात, 'ॲ'वर जोर देऊन. दान्तेची बिआत्रिचे तिथे विचारू नका.) लिंकनच्या दक्षिणेला चाळीसेक मैलांवर हे गाव, आणि गावाच्या पश्चिमेला चार मैलांवर डॅनियल फ्रीमनची जमीन. घरी परतताना गाडीत जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा कल कागदांकडे आहे, तेव्हा दंतकथांचे चाहते थोडे हिरमुसतील.

हा डॅनियल फ्रीमन कोण?

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्याखाली ज्याला पहिली जमीन मिळाली असं मानतात तो माणूस. जन्म १८२६ चा, ओहायोतला. वाढला इलिनॉयमध्ये आणि तिथेच डॉक्टरकी केली. यादवी युद्धाच्या काळात नेब्रास्का टेरिटरीत (म्हणजे अजून राज्य न झालेल्या मुलखात) आला, १ जानेवारी १८६३ ला १६० एकरांसाठी अर्ज दाखल केला आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्याच जमिनीवर काढली. ३० डिसेंबर १९०८ ला वारला. त्याचा म्हातारपणीचा एक फोटो फार फिरतो: हातात रायफल, कमरेला पिस्तूल आणि कुऱ्हाड. मूळचा हा माणूस डॉक्टर, हे तो फोटो बघून कुणाला खरं वाटणार नाही.

होमस्टेड म्हणजे फुकट जमीन ना?

फुकट नाही, वहिवाटीने. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने २० मे १८६२ ला सही केलेल्या या कायद्यात अट अशी होती की, एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असलेला, अमेरिकेविरुद्ध कधी शस्त्र न उचललेला माणूस १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागू शकतो. नागरिकत्व नसलं तरी ते घेण्याचा इरादा जाहीर केलेला पुरे. 'माणूस' म्हणजे बाईसुद्धा, पण अविवाहित, विधवा किंवा कुटुंबप्रमुख असलेली. मग पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि दोन साक्षीदार नेऊन ते सिद्ध करायचं. सगळी फी मिळून १८ डॉलर. थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर मोजून जमीन विकत घेण्याची वाटही होती.

शेवटी जो कागद हातात पडायचा त्याला 'पेटंट' म्हणतात. आपल्याकडे पेटंट म्हटलं की हळद आणि बासमती आठवतात, पण हे पेटंट म्हणजे सरकारने त्या जमिनीवरचा आपला हक्क सोडून तो खाजगी माणसाला दिल्याचा पहिला दस्त. त्या जमिनीचे पुढचे सगळे खरेदीखतांचे व्यवहार या कागदाच्या खाली येतात.

मध्यरात्री कचेरी उघडून घेतल्याची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी. ३१ डिसेंबर १८६२ ची रात्र, मिसूरी नदीकाठचं ब्राउनव्हिल गाव. जमिनीच्या कचेरीचं गाव म्हणून अर्जदारांची गर्दी. नवीन वर्षाचं स्वागत चाललेलं. फ्रीमनला सकाळी पलटणीकडे निघायचं असतं आणि १ तारखेला कचेरी सुट्टीमुळे बंद. तो कचेरीतल्या माणसाला गळ घालतो, बारा वाजून गेल्यावर दार उघडलं जातं, आणि पहिला अर्ज त्याचा लागतो.

कागद काय म्हणतात? अर्जावर तारीख १ जानेवारी १८६३. अर्ज क्रमांक १. पुढे मिळालेल्या दाखल्यावरही क्रमांक १. आणि वॉशिंग्टनच्या नोंदवहीत त्याचं पेटंट पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर. हे सगळं पक्कं. पण अर्ज क्रमांक १ हा ब्राउनव्हिलच्या कचेरीतला १. देशात कचेऱ्या अनेक होत्या आणि त्या एकाच दिवशी ४१८ जणांनी अर्ज केले. डकोटा टेरिटरीत व्हर्मिलियनला माहलन गोर नावाच्या माणसानेही मध्यरात्र उलटताच अर्ज केल्याचं सांगतात. बारा वाजून किती मिनिटांनी, हे कोणत्याही अर्जावर लिहिलेलं नाही. तेव्हा 'पहिला' हा मान थोडा नशिबाचा, थोडा कारकुनाचा आणि पुष्कळसा फ्रीमनच्या स्वतःच्या आग्रहाचा. आपणच पहिले, हे तो आयुष्यभर ठासून सांगत राहिला.

त्याच दिवशी लिंकनने गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. ब्राउनव्हिलची रात्र सांगणारे हे सहसा विसरतात.

तो खरंच सैनिक होता का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी आवडणारा प्रश्न. फ्रीमन स्वतःला युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेतला म्हणवायचा. घरात आणि गावात सांगितलं जायचं की तो गुप्त कामगिरीवरचा टेहळ्या होता. त्याची अमुक पलटण, अमुक कंपनी, भरतीची अमुक तारीख, अशी नाव-निशाणी मात्र चोख बसत नाही, आणि त्यावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. हेराचं नाव हजेरीपटावर कसं असेल, असं एक उत्तर त्यावर मिळतं. हे उत्तर सोयीचं आहे, म्हणून खोटंच असं नाही.

मला इथे जमिनीच्या कायद्यातून शिरायला आवडतं. सैनिकांना त्या कायद्यात दोन सवलती होत्या. युद्धात किमान चौदा दिवस नोकरी केलेल्याला वयाची अट नव्हती. आणि १८७२ नंतर नोकरीचा काळ पाच वर्षांतून वजा करून मिळायचा, फक्त एक वर्ष तरी जमिनीवर काढावं लागे. पहिली सवलत फ्रीमनच्या कामाची नव्हती, तो तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. दुसरी येण्याआधीच त्याचं काम उरकलेलं होतं. त्याने पुरावा दाखल केला तो २० जानेवारी १८६८ ला, म्हणजे अर्जापासून पाच वर्षं आणि एकोणीस दिवसांनी. म्हणजे जमीन त्याला सैनिक म्हणून मिळालेलीच नाही, ती शेतकरी म्हणून मिळाली. त्यामुळे जमिनीच्या फायलीतून त्याचं सैनिकपण ना सिद्ध होतं, ना खोडता येतं.

ॲग्नेस कोण?

माझ्या मते घराण्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

ॲग्नेस सूटर ही आयोवातल्या लक्लेअरची. हे मिसिसिपीकाठचं गाव, आणि सूटर मंडळी नदीच्या खडकाळ टप्प्यातून बोटी सुखरूप पार करून देणाऱ्या वाटाड्यांपैकी. तिचं लग्न ठरलं होतं ते डॅनियलशी नव्हे, त्याचा भाऊ जेम्स याच्याशी. जेम्सचा युद्धात मृत्यू झाला. मग डॅनियलने तिला पत्रं लिहायला सुरुवात केली. आधी सांत्वनाची, मग हळूहळू वेगळ्या वळणाची. होणारी भावजय, ती भाऊ गेल्यावर बायको झाली. ८ फेब्रुवारी १८६५ ला लक्लेअरला लग्न लागलं आणि ती नेब्रास्कात आली. त्याच्याहून ती सतरा-अठरा वर्षांनी लहान.

जरा तारखा जुळवून बघा. अर्ज १८६३ चा, लग्न १८६५ चं, पुरावा १८६८ चा. पाच वर्षांतली तीन वर्षं त्या जमिनीवरचा संसार तिने केलेला आहे. पेटंटवर मात्र एकच नाव, डॅनियल फ्रीमन. कायद्याप्रमाणे लग्न झालेली बाई वेगळी अर्जदार होत नव्हती. घर भरलेलं होतं, मुलांचं मोठं खटलं होतं, आणि नवऱ्यामागे वीस वर्षांहून अधिक काळ ती होती. १९३१ मध्ये गेली. 'पहिला होमस्टेडर' हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे एकवचन खटकत राहतं.

त्यांचं घर कसं होतं?

हे आपल्याला चक्क फूट-इंचांत माहीत आहे. आणि ते कुठल्या गौरवग्रंथातून कळलेलं नाही, ते कळतं दोन शेजाऱ्यांच्या जबानीतून.

पाच वर्षं झाल्यावर दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं असे की हा माणूस खरंच इथे राहतो. फ्रीमनसाठी जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक गेले. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं: घर काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, १४ फूट बाय २० फूट, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या, वर लाकडी कौलं, खाली फळ्यांची जमीन, राहायला सोयीचं. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून पिकाखाली. एक तबेला. मक्याची कणगी. १०० फूट लांबीचा मेंढवाडा. सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं.

आता हा कागद जरा पंचनाम्यासारखा वाचा. घर २८० चौरस फूट, म्हणजे आपल्या जुन्या चाळीतल्या दोन खोल्या. मेंढ्यांचं छप्पर मात्र घराच्या लांबीच्या पाचपट. १६० पैकी ३५ एकरच पिकाखाली, कारण मूळ गवताळ मातीतली मुळं इतकी दाट की पहिली नांगरट म्हणजे बैलांचा आणि माणसाचा कस. आणि पीचची चारशे झाडं! सहा महिन्यांनी उठून जाणारा माणूस फळझाडं लावत नाही. ती कदाचित जमीनदारीची हौस असेल, कदाचित साक्षीदारांना दाखवण्यासारखं काही हवं असेल. पण ओंजळीएवढी रोपं चारशे वेळा खड्ड्यात कुणी लावली, पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुणी घातलं, हे जबानीत नाही. 'याने लावली' एवढंच आहे.

ही जबानी झाल्यावरही पेटंट यायला १ सप्टेंबर १८६९ उजाडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे एकोणीस महिने लागले. पेटंटवर राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं नाव आहे. कुणी ती ग्रँटची अस्सल सही म्हणून दाखवली तर भुलू नका, तेव्हा पेटंटवर त्यांच्या वतीने सचिव सही करायचे.

नकाशावर जमिनीचा आकार असा विचित्र का दिसतो?

लोकांना चौकोनी तुकडा अपेक्षित असतो. मोजणीची पद्धत तशीच होती: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चौथा हिस्सा १६०. सरळ एक चौथाई घेतली की काम झालं. पण कायद्यात ४० एकरांचे चार सलग तुकडे निवडायचीही मुभा होती. फ्रीमनने तेच केलं. सव्वीसाव्या सेक्शनमधले तीन तुकडे एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. कागदावर काढलात तर उलटा 'टी' दिसतो.

कारण कब क्रीक नावाचा ओढा. या सपाट, झाडं नसलेल्या मुलखात ओढ्याकाठी पाणी, सरपण आणि घराला लागणारं लाकूड, तिन्ही मिळत होतं. ज्याने जमिनीचा असा आकार निवडला, तो ती आधी पायाखाली घालून गेला होता, हे मी पैजेवर सांगेन. मध्यरात्रीच्या गोष्टीपेक्षा मला या निवडीत तो माणूस जास्त दिसतो.

त्याच्या आधी ही जमीन कुणाची होती?

ओटो आणि मिसूरिया या मूळनिवासी लोकांचा हा मुलूख. १८५४ च्या तहाने त्यांच्याकडून मिसूरी नदीच्या पश्चिमेची जमीन सुटली आणि बिग ब्लू नदीवर, आजच्या कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर, २५ मैल बाय १० मैलांचा राखीव पट्टा त्यांच्याकडे राहिला. हा पट्टा फ्रीमनच्या शेतापासून फार लांब नव्हता. म्हणजे फ्रीमन मंडळी राहायला आली तेव्हा मूळ मालक दक्षिणेला शेजारीच होते. तो पट्टाही तुकड्यातुकड्याने विकला गेला आणि १८८१ मध्ये त्यांना इंडियन टेरिटरीत, आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. होमस्टेडखाली देशभरात वाटली गेलेली जमीन एकूण सुमारे २७ कोटी एकर. 'सरकारी पडीक जमीन' हा शब्द वापरताना एवढं मनात असू द्यावं.

शाळेच्या खटल्याचा या घराण्याशी काय संबंध?

फार जवळचा, आणि माझ्या लेखी पहिल्या अर्जापेक्षा मोलाचा.

शेतापासून हाकेच्या अंतरावर एक विटांची एका खोलीची शाळा आहे, १८७२ ची. नाव फ्रीमन शाळा. गंमत म्हणजे हे नाव आपल्या डॅनियलचंच असेल असं नाही. विटा पाडणाऱ्या थॉमस फ्रीमन नावाच्या शेजाऱ्याचंही असू शकेल. या शाळेत एडिथ बीचर नावाच्या शिक्षिका दिवसाची सुरुवात बायबल वाचन, प्रार्थना आणि स्तोत्रांनी करत. डॅनियलने हरकत घेतली: सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत हे नको. शाळा मंडळाने ऐकलं नाही. तो कोर्टात गेला आणि खालच्या कोर्टात हरला. तेव्हा वय पंचाहत्तरीच्या घरात. आपल्या गावात एवढ्या वयाचा माणूस शाळेच्या प्रार्थनेवरून मंडळाला कोर्टात खेचेल तर गल्लीतल्या ओट्यांवर काय बोलणं होईल ते डोळ्यांसमोर आणा.

१९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी न्यायालयाने खुलासा केला की बायबल शाळेत वाचणंच मुळात बेकायदा असं नाही, ते वाचन पंथप्रचार होतं का, हे प्रत्येक प्रकरणात बघायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या प्रार्थनेचा आणि बायबल वाचनाचा प्रश्न निकाली काढला तो १९६२ आणि १९६३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला यातून मिळतो तो स्वभाव. क्रमांक एकसाठी अडून बसणारा आणि शाळेसाठी अडून बसणारा माणूस एकच आहे.

आमची सून अमेरिकन आहे. तिचे खापरपणजोबा 'युद्धात होते आणि मग त्यांनी जमीन घेतली' एवढंच घरात माहीत आहे. सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न आता दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. क्रम असा ठेवा.

आधी पेटंट. जमीन खात्याच्या नोंदी ऑनलाइन आहेत, नाव आणि राज्य घातलं की पेटंटची प्रत मिळते. पण पेटंट म्हणजे नुसता उतारा, त्यात माणूस नसतो. त्यावरचे क्रमांक टिपून राष्ट्रीय अभिलेखागारातली जमिनीची मूळ फाईल काढा. ग्राफ आणि किलपॅट्रिकसारख्यांच्या जबान्या तिथे सापडतात, आणि पूर्वज परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही बहुधा तिथेच. आणखी एक: जितक्यांनी अर्ज केले त्यांतल्या पुष्कळांना पेटंट मिळालंच नाही. दुष्काळ, टोळधाड, कर्ज, आजारपण, कारणं हवी तेवढी. पेटंट सापडलं नाही म्हणून पूर्वज थापाड्या ठरत नाही.

मग पेन्शन. सैनिकाच्या घराण्यासाठी याहून श्रीमंत कागद नाही. १८९८ च्या सुमारास पेन्शन खात्याने माजी सैनिकांना एक छापील प्रश्नावली पाठवली: बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कधी, कुठे आणि कुणी लावलं, त्याची नोंद कुठे आहे, आधी लग्न झालं होतं का, हयात मुलं किती, त्यांची नावं आणि जन्मतारखा. उत्तरं त्याच्या स्वतःच्या हातची. विधवेने अर्ज केला असेल तर आणखी जबान्या: सुईण, शेजारीण, लग्नातले पाहुणे. एकेका फायलीत शंभरावर पानं निघतात आणि घरात तीन पिढ्या कुणी न उच्चारलेली पहिली बायकोही निघते. सुनेच्या आजीला आधी विश्वासात घ्या.

१८९० ची जनगणना शोधत बसू नका. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली, तिच्यात आणि नंतरच्या हेळसांडीत ती जवळजवळ सगळी गेली. मात्र १८९० मध्येच युनियनच्या माजी सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादी झाली होती. वर्णक्रमाने कॅन्ससपर्यंतच्या राज्यांची जवळपास सगळी गेली, पुढच्यांची बरीचशी वाचली. नेब्रास्का 'एन'मध्ये, म्हणून सुटला. शिवाय नेब्रास्काची १८८५ ची जनगणनाही आहे, ती वीस वर्षांची पोकळी बरीच भरते.

आणि नावावर भरवसा नको. मी एकदा एका मित्राच्या बायकोसाठी पैसे भरून फाईल मागवली. नाव तेच, राज्य तेच, पलटण शेजारची. आम्ही तिघं आठवडाभर त्या माणसाच्या अतिसाराच्या तक्रारी हळहळत वाचत होतो. शेवटी बायकोचं नाव आलं आणि कळलं की हा भलताच कुणीतरी. कंपनीचं (म्हणजे पलटणीतल्या तुकडीचं) अक्षर आधी जुळवा, हळहळ नंतर.

आज तिथे फ्रीमनचं घर बघायला मिळतं का?

नाही. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखायचा कायदा केला, २०२१ पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणतात, पण फ्रीमन मंडळींच्या घरांपैकी एकही उभं नाही. सगळे ज्याच्यासमोर फोटो काढतात ते ओंडक्यांचं घर १८६७ चं, पामर-एपार्ड मंडळींचं. ते दुसरीकडून उचलून १९५० मध्ये इथे आणलं. जवळजवळ तेवढंच, १४ बाय १६ फुटांचं, त्यामुळे अंदाज येतो. दहा मुलं त्यात वाढली म्हणतात.

शेत मात्र आता शेत नाही. १९३९ पासून तिथे पुन्हा मूळचं उंच गवत वाढवलं आहे. सप्टेंबरात जा, गवत खांद्याच्या वर येतं आणि पायवाटेवर पुढे गेलेली मुलं दिसेनाशी होतात. पूर्वेकडच्या उंचवट्यावर डॅनियल आणि ॲग्नेस, दोघांच्या कबरी आहेत, त्यांच्याच १६० एकरांत. पाण्याची बाटली न्या, वाटेत सावली फक्त ओढ्याकाठी आहे.